बिनबट्ट्याचे नाणे

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला, असे आपण मराठीत सहज बोलून जातो. परंतु बट्टा हा मूळचा नीतिशास्त्रातला शब्द नव्हे. तो सराफकट्ट्यावरचा शब्द आहे. पेशवाईत टाकसाळी बहुधा परवाने देऊन खासगी सोनारांकडून चालविल्या जात. अंकुशी रुपया निराळा, चांदवडी निराळा, आणि असे आणखी कितीतरी. सगळे रुपयेच, पण एका प्रांतीचा रुपया दुसऱ्या प्रांती नेला की सराफ तो वाजवून पाही, तोलून पाही, आणि त्यातून काहीतरी कापून घेई. ही जी कापाकापी तिचे नाव बट्टा. १८३५ साली कंपनी सरकारने कायद्याने एकच रुपया ठरविला, तरी संस्थानांची नाणी पुढे पुष्कळ वर्षे चालतच राहिली. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, हाली सिक्का होता; सहा कलदार रुपयांना सात हाली, असा त्याचा साधारण हिशेब असे.

आता हा बट्टा कोणाच्या पदरातून जाई, हे पाहिले पाहिजे. मोठ्या व्यापाऱ्याला भाव सुधारेपर्यंत थांबता येते. त्याला हुंडीने व्यवहार करता येतो. ज्याला दिवसभराची मजुरी हातात पडल्यावर त्याच संध्याकाळी पीठमीठ आणायचे आहे, त्याला थांबता येत नाही. सराफ जे देईल ते त्याने घ्यावयाचे. म्हणून नाण्याचा इतिहास हा राजांच्या मुखवट्यांचा आणि सनावळ्यांचा इतिहास आहे असे आम्हांला कधीच वाटले नाही. तो आमच्या मते मजुरीचा इतिहास आहे.

आजचा आमचा विषय युरोपातील लहान राष्ट्रांची नाणी हा आहे. आयुष्याची तीस वर्षे कामगारांच्या संघटना बांधण्यात घालविलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, अशी शंका कोणास येईल. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, कामाच्या पाळ्या संपल्यावर. तेथे वाचताना एक प्रश्न आमचा पाठलाग करीत आला आहे. लहान आणि मोठे एकत्र येतात, करार करतात, एक झेंडा लावतात. पण लहानाची किंमत पुरी धरली जाते काय? की वरवर ऐक्य आणि आतून बट्टा, असाच प्रकार असतो? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न वादाचा होऊन बसतो. युरोपच्या नाण्यांत मात्र तो मोजता येतो. मूठभर मोड टेबलावर ओतावी आणि कोणत्या देशाची किती नाणी आहेत ती मोजावीत, इतकी ही गोष्ट सोपी आहे. निदान वरवर तरी सोपी आहे.

युरोपात हा प्रयोग पहिल्यांदाच झाला असे नाही. २३ डिसेंबर १८६५ रोजी पॅरिस येथे फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड या चार देशांनी एक करार केला. इतिहासात तो लॅटिन चलनसंघ या नावाने ओळखला जातो. ग्रीस त्यात मागाहून सामील झाला. कराराचे कारण मोठे व्यावहारिक होते. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया येथे सोने सापडल्यामुळे सोने स्वस्त झाले आणि चांदी महाग झाली. तेव्हा चांदीचे नाणे वितळवून विकण्यातच फायदा पडू लागला आणि बाजारात मोड मिळेनाशी झाली. यावर उपाय म्हणून प्रत्येक देशाने आपापल्या लहान नाण्यांतील चांदी कमी केली. पण प्रत्येकाने ती निरनिराळ्या प्रमाणात कमी केली. स्वित्झर्लंडने हजारांत आठशे भाग चांदी ठेविली, इटलीने आठशे पस्तीस. परिणाम असा झाला की हलके स्विस नाणे फ्रान्समध्ये शिरू लागले आणि १८६४ साली फ्रान्सने आपल्या सरकारी तिजोऱ्यांत ते घेण्यास मनाई केली. शेजाऱ्याशेजाऱ्यांत हा वाद माजल्यावर बेल्जियमच्या सूचनेवरून परिषद भरली आणि आठशे पस्तीस हे प्रमाण सर्वांनी मान्य केले.

या करारातले एक कलम आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. लहान नाणी कोणी किती पाडावीत, याचा नियम माणशी ठरविण्यात आला: दर रहिवाशामागे सहा फ्रँक. त्या हिशेबाने फ्रान्सच्या वाट्याला २३ कोटी ९० लाख, इटलीच्या वाट्याला १४ कोटी १० लाख, बेल्जियमच्या वाट्याला ३ कोटी २० लाख आणि स्वित्झर्लंडच्या वाट्याला १ कोटी ७० लाख फ्रँक आले. लहानाला लहान वाटा, पण माणशी सारखा. न्याय दिसायला चोख होता.

मग हा संघ मोडकळीस का आला? त्याची पहिली फट करारातच होती. दुसऱ्या देशाचे लहान नाणे सरकारी तिजोरीने एका वेळी शंभर फ्रँकपर्यंत घ्यावे, एवढेच बंधन होते. दुकानदाराने, मालकाने, घरमालकाने ते घेतलेच पाहिजे असा कायदा नव्हता. म्हणजे ल्योंच्या विणकराला मोड म्हणून बेल्जियमचे नाणे मिळाले, तर ते पुढे चालविणे हे त्याचे त्याने पाहावयाचे. जोपर्यंत सर्वांचा विश्वास होता तोपर्यंत ते चाले. विश्वास डळमळला की पहिला धक्का बसे तो त्याच्या हातातल्या नाण्याला.

दुसरी फट म्हणजे वाटा न पाळणारे भागीदार. रोममधील पोपच्या राज्याने १८६६ साली लिरा हे नाणे संघाच्या धर्तीवर सुरू केले. संघात येण्याच्या वाटाघाटीही चालविल्या. पण त्या पुऱ्या होण्यापूर्वीच आपल्या लोकसंख्येला न शोभेल इतकी लहान नाणी पाडून टाकली. ती नाणी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पसरली. १८७० साली तेथील सरकारांनी ती घेण्याचे नाकारले. ज्या दिवशी असा हुकूम निघतो, त्या दिवशी कोणाच्या हातात ते नाणे आहे, यावर नुकसान कोणाचे हे ठरते. नाणे पाडणाऱ्याचा फायदा तर केव्हाच पदरात पडलेला असतो. बाजारहाट करणाऱ्या बाईच्या बटव्यात तेव्हा चांदीचा एक हलका तुकडा उरतो. इटलीचा प्रकार निराळा झाला. १८६६ च्या मे महिन्यात तेथील सरकारने कागदी नोटा सक्तीच्या केल्या; त्याबरोबर इटलीची चांदीची नाणी देश सोडून फ्रान्सकडे चालती झाली. ती परत नेण्यासाठी पुढे करार करावे लागले.

तिसरी गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. १८७० नंतर चांदीचा भाव घसरला, आणि पाच फ्रँकच्या मोठ्या चांदीच्या नाण्यात पाच फ्रँकची चांदी राहिली नाही. १८७८ साली ते नाणे पाडणे थांबविण्यात आले. मग प्रश्न निघाला की संघ मोडलाच, तर एकमेकांच्या देशांत पसरलेली ही नाणी कोणी परत घ्यायची आणि कोणत्या भावाने? १८८५ साली यावरून बेल्जियम जवळजवळ बाहेर पडले होते, कारण त्याची फार मोठी नाणी फ्रान्समध्ये होती आणि ती सगळी सोने देऊन सोडविणे त्याला जड जाणार होते. अखेर तडजोड झाली: निम्मी सोडवावीत, निम्मी व्यापाराच्या ओघाने येतील तशी येऊ द्यावीत. यानंतर हा संघ प्रेमापेक्षा मोडण्याच्या खर्चाच्या भीतीनेच अधिक टिकला. पहिल्या महायुद्धात प्रत्येकाचा फ्रँक निराळ्या भावाचा झाला आणि १ जानेवारी १९२७ रोजी संघ संपला. पुष्कळ एकत्र कुटुंबे अशीच चालतात, हे आपणांस सांगावयास नको.

या पूर्वेतिहासाकडे पाठ करून नव्या युरोला समजता येत नाही. युरो हे चलन १ जानेवारी १९९९ रोजी प्रथम हिशेबाच्या वह्यांत आले, आणि १ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत नोटा व नाणी या रूपाने लोकांच्या हातात आले. पुढे २००७ साली स्लोव्हेनिया, २००८ साली सायप्रस आणि माल्टा, २००९ साली स्लोव्हाकिया, २०११ साली एस्टोनिया, २०१४ साली लाटव्हिया, २०१५ साली लिथुआनिया आणि २०२३ साली क्रोएशिया असे देश येत गेले. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाला घेण्याचा निर्णय २०२५ च्या जुलैत झाला. नाणी आठ प्रकारची आहेत: एक, दोन, पाच, दहा, वीस आणि पन्नास सेंट, तसेच एक आणि दोन युरो. प्रत्येक नाण्याची एक बाजू सर्व देशांत सारखी. ती बेल्जियमच्या टाकसाळीतील ल्यूक ल्वीक्स या कारागिराने रेखाटली. दुसरी बाजू ज्या त्या देशाची. ग्रीसच्या एक युरोवर प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरचे घुबड आहे. आयर्लंडच्या सर्व नाण्यांवर वीणेसारखे तंतुवाद्य आहे. माल्टाच्या मोठ्या नाण्यांवर आठ टोकांचा क्रूस आहे. एस्टोनियाने तर आपल्या चिमुकल्या देशाचा नकाशाच सगळ्या नाण्यांवर काढला. नोटांवर देशाचे असे चित्र नाही. तेव्हा कोणाचा पैसा किती फिरतो हे सामान्य माणसाला दिसते ते नाण्यांवरच.

जुन्या संघातल्या फटी येथे बुजविल्या आहेत काय? आमच्या समजुतीप्रमाणे दोन मोठ्या फटी बुजविल्या आहेत. एक म्हणजे कोणत्याही सभासद देशाचे नाणे सर्व देशांत कायदेशीर आहे. केवळ तिजोरीत नव्हे, दुकानातही. एका वेळी पन्नासांहून अधिक नाणी घेण्याचे बंधन कोणावर नाही, एवढीच सवलत, आणि ती सर्व देशांच्या नाण्यांना सारखीच लागू. दुसरी गोष्ट अशी की नाणी पाडतो ज्याचा तो देश आणि त्यातला नफाही त्याच देशाच्या खजिन्यात जातो. परंतु दर वर्षी किती नाणी काढायची, याला फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेची मंजुरी लागते. पोपच्या राज्याने १८६६ नंतर जे केले ते आज कोणा देशाला करता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मूठभर मोडीत लहान देशाची नाणी किती सापडतात? आरंभी बारा देशांनी मिळून सुमारे ५० अब्ज नाणी पाडून ठेविली होती. त्यांपैकी एकतृतीयांश, म्हणजे सुमारे १७ अब्ज, एकट्या जर्मनीची होती. लक्झेंबर्गची होती बारा कोटींच्या आसपास. सगळी नाणी एका कढईत घालून ढवळली असती, तर चारशे नाण्यांत लक्झेंबर्गचे एक निघाले असते. ऐकणारा म्हणेल, पाहा, लहानाला कोण विचारतो! परंतु हिशेब अजून पुरा झालेला नाही. जर्मनीची लोकसंख्या त्या वेळी आठ कोटींहून अधिक होती. म्हणजे माणशी सुमारे दोनशे नाणी. लक्झेंबर्गची लोकसंख्या साडेचार लाखांच्याही आत. म्हणजे माणशी अडीचशेहून अधिक. नाण्याच्या वाट्यात लहानाला कमी मिळाले नव्हते, किंबहुना माणशी अधिकच मिळाले होते. त्याचे नाणे विरळा दिसते ते त्याची माणसे थोडी म्हणून. या दोन गोष्टींची गल्लत करता कामा नये. आमच्या चळवळीतही वीस कामगारांच्या कारखान्याचा आवाज सभेत बारीक ऐकू येतो. म्हणून त्याची वर्गणी खोटी ठरत नाही.

शिवाय नाणी कढईत ढवळली जात नाहीत. ती माणसांच्या खिशातून चालतात. या चालण्याचा अभ्यास पुष्कळ विद्वानांनी केला. जर्मनीत फ्रायबर्ग येथील डीट्रिख श्टोयान या गणितज्ञाने नाण्यांच्या मिसळण्याचा पाठपुरावा केला. हॉलंड-बेल्जियममध्ये लोकांनी आपल्या पाकिटातली मोड मोजून कळवावी अशी योजना निघाली. फ्रान्समध्ये क्लोद ग्रासलाँ आणि फ्राँस गेराँ-पास यांनी लोकांच्या पाकिटांचीच पाहणी केली. आपल्याकडे शिरगणती होते, तशी ही नाण्यांची शिरगणती होती. तीतून निघालेली गोष्ट कोणाही फेरीवाल्याला पटेल अशी आहे. बेल्जियमचे नाणे उत्तर फ्रान्समध्ये अधिक, स्पेनचे नैर्ऋत्येकडे अधिक, जर्मनीचे ऱ्हाइन नदीच्या काठी अधिक. उन्हाळ्याच्या सुट्ट्या झाल्या की परदेशी नाण्यांचे प्रमाण एकदम वर जाते. मिसळण सुरू झाली खरी, पण सर्वत्र सारखी कढी व्हायला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो.

यात नाण्यांच्या जातीही निरनिराळ्या वागतात. एक आणि दोन युरोची नाणी लांबचा प्रवास करतात, कारण ती रोजच्या खर्चात हातोहात फिरतात. तांबड्या रंगाची एक-दोन सेंटची नाणी मात्र घरातल्या बरणीत जाऊन बसतात. दुकानातून घरी येतात, घरून दुकानात परत जात नाहीत. मग दुकानाला टाकसाळीतून नवी आणावी लागतात, आणि ती अर्थात त्याच देशाची असतात. म्हणून चिल्लर जितकी बारीक तितकी ती गावची. फिनलंडने पहिल्यापासूनच रोखीचे हिशेब पाच सेंटांच्या पटीत करण्याचा नियम ठेविला. त्यामुळे त्याची एक व दोन सेंटची नाणी थोडीच निघाली आणि तीही बहुतांशी संग्राहकांच्या पेटीत गेली.

नाणे ज्या माणसांबरोबर चालते त्या माणसांकडेही पाहू. लक्झेंबर्गमध्ये फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनी या शेजारी देशांतून दररोज दोन लाखांहून अधिक माणसे कामाला येतात. तेथील एकंदर नोकरदारांत त्यांची संख्या निम्म्याच्या जवळपास आहे. सकाळी येतात, संध्याकाळी सरहद्द ओलांडून घरी जातात. पगार बँकेत जमा होतो. पण दुपारच्या जेवणाची, चहाकॉफीची मोड खिशात राहते, ती त्यांच्याबरोबर मेट्झ, ट्रीर किंवा आर्लाँ येथे जाते. म्हणजे लक्झेंबर्गचे नाणे युरोपभर पोहोचविणारा हा राजदूत नव्हे किंवा बँकवाला नव्हे, तर डबा घेऊन येणारा कामगार आहे. माल्टा आणि सायप्रस यांचे काम सहलीला आलेल्या पाहुण्यांनी केले. उन्हाळ्यात आलेला पाहुणा जाताना मोठ्या देशाची नाणी बेटावर टाकून जातो आणि बेटावरची नाणी खिशातून घेऊन जातो. मालमोटारीचे चालक, हंगामी मजूर, हॉटेलातली पोरे ही सारी माणसे आपण करीत असलेल्या कामाचे भान नसताना युरोपचा पैसा एकजीव करीत आहेत.

नाण्याच्या जन्मस्थानाची गंमत तर आणखीच आहे. २००२ साली ग्रीसची सगळी नाणी ग्रीसमध्ये तयार झाली नाहीत. काही फ्रान्समध्ये, काही स्पेनमध्ये, काही फिनलंडमध्ये पाडून आणली, आणि त्यांच्या एका चांदणीत त्या त्या टाकसाळीचे बारीक अक्षर आहे. लक्झेंबर्गची पहिली नाणी हॉलंडातील उट्रेख्टची, स्लोव्हेनिया, सायप्रस आणि एस्टोनिया यांची फिनलंडची, माल्टाची फ्रान्सची, लाटव्हियाची जर्मनीतल्या श्टुटगार्टची. उलट स्लोव्हाकियाची क्रेमनित्सा येथील टाकसाळ १३२८ सालापासूनची. तिने आपली नाणी आपणच पाडली. आपल्या रुपयावर मुंबईच्या टाकसाळीची खूण म्हणून सालाखाली बारीक चौकटीचे चिन्ह असते आणि हैदराबादची खूण म्हणून चांदणी असते. भाजीवाली ते कधी पाहत नाही. तिने पाहू नये, यातच नाण्याचे यश आहे.

आता ज्या नाण्यांना सगळेच पाहतात, त्यांच्याबद्दल बोलले पाहिजे. मोनॅको, सॅन मरिनो आणि व्हॅटिकन ही तीन अतिलहान राज्ये युरोपीय संघात नाहीत. तरी जुन्या संबंधांमुळे २००२ पासून त्यांना स्वतःची युरो नाणी काढण्याचा अधिकार मिळाला. पुढे करार होऊन अँडोराची नाणीही २०१५ च्या सुमारास लोकांपुढे आली. प्रारंभीच्या करारानुसार व्हॅटिकनला वर्षाला ६,७०,००० युरो किमतीची नाणी काढता येत, सॅन मरिनोला १९,४४,००० युरो किमतीची. युरोच्या बारा देशांत त्या वेळी तीस कोटी लोक होते. म्हणजे व्हॅटिकनचा वर्षाचा वाटा साडेचारशे माणसांमागे एक युरो एवढा झाला. आठही नाण्यांचा एक संच ३ युरो ८८ सेंटचा होतो. सगळा वाटा संचांतच घातला तरी पावणेदोन लाखांच्या आत संच झाले. इतकी थोडी नाणी निघाल्यावर ती बाजारात कशी टिकणार? संग्राहक ती टाकसाळीच्या दारातूनच उचलून नेत. २००७ साली मोनॅकोने राजपत्नी ग्रेस केली यांच्या स्मरणार्थ दोन युरोचे नाणे काढले. ते फक्त २०,००१. दोन युरोच्या त्या नाण्याला संग्राहक दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजतात.

हलके नाणे भारी नाण्याला बाजारातून हाकलून देते, असा अर्थशास्त्रातला एक जुना नियम आहे. कोपर्निकससारख्या ज्योतिषानेही सोळाव्या शतकात त्यावर लिहिले होते. येथे धातू तोच, वजन तेच, तरी हा नियम नव्या वेषात हजर झाला. ज्या नाण्याला लोक अधिक किंमत देतात ते नाणे फिरायचे थांबते. पूर्वी लहानाचे नाणे बट्ट्यामुळे अडत असे, येथे ते सन्मानामुळे अडले. पण अडले ते अडलेच! काचेखाली ठेविलेले नाणे हे नाणे राहत नाही, ते चित्र होते. ही गोष्ट युरोपीय अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आली. २००९ च्या डिसेंबरात व्हॅटिकनशी जो नवा करार झाला त्यात वाटा पुष्कळ वाढविला, आणि निदान एक्कावन टक्के नाणी दर्शनी किमतीलाच बाजारात आणली पाहिजेत असे बंधन घातले. त्यानंतर व्हॅटिकनचे पन्नास सेंटचे नाणे तेथे मोड म्हणून मिळू लागले. नाणे काढण्याचा हक्क पाहिजे असेल तर ते चालविण्याचे कर्तव्यही घ्यावे लागते, असा या कलमाचा साधा अर्थ आहे.

याच्या अगदी उलट प्रकार मॉन्टेनेग्रो आणि कोसोव्हो यांचा. तेथे २००२ पासून युरो चालतो. पण कोणताही करार नाही, स्वतःचे नाणे नाही, आणि बँकेच्या मंडळात जागाही नाही. व्हॅटिकनचे नाणे आहे पण फारसे दिसत नाही. मॉन्टेनेग्रोत नाणी सगळीकडे दिसतात, पण त्यांतले एकही त्यांचे नाही. उलट माल्टासारख्या लहान पण पुऱ्या सभासदाला युरोपीय बँकेच्या मंडळात जागा आहे. २०१५ पूर्वी प्रत्येक देशाच्या बँकेच्या गव्हर्नराला तेथे एकेक मत होते, जर्मनीला एक आणि माल्टालाही एक. २०१५ पासून मते पाळीपाळीने फिरतात. पाच मोठ्या देशांत चार मते, आणि उरलेल्या सर्व देशांत मिळून अकरा. म्हणजे जुनी पुरी समानता थोडी मुरडली गेली. तरी लहानाला बाहेर बसविलेले नाही.

पण कोणत्याही संघटनेची परीक्षा संप चालू असताना होते, वर्गणी गोळा करताना नव्हे. युरोची परीक्षा २०१० नंतर झाली. ग्रीसवर कर्जाचे संकट आले. नोटांच्या क्रमांकाआधी जे अक्षर असते त्यावरून ती कोणत्या देशाच्या बँकेने काढली हे कळते. पहिल्या मालिकेत एक्स हे अक्षर जर्मनीचे आणि वाय हे ग्रीसचे. तेव्हा एक्सच्या नोटा जपून ठेवा आणि वायच्या खपवून टाका, अशा अफवा उठल्या. जुना बट्टा दार ठोठावू लागला, तो असा. २०१३ च्या मार्चमध्ये सायप्रसच्या बँका बारा दिवस बंद राहिल्या. तेथील सर्वांत मोठ्या बँकेत एक लाख युरोंच्या वर ज्यांच्या ठेवी होत्या त्यांच्या रकमेचा मोठा भाग गेला, आणि देशाबाहेर पैसा नेण्यावर बंधने आली. २०१५ च्या जूनअखेर ग्रीसच्या बँका बंद झाल्या. माणसाला दिवसाला साठ युरोच काढता येऊ लागले. म्हाताऱ्या निवृत्तिवेतनधारकांच्या रांगा बँकांपुढे लागल्या.

अशा त्या जुलै महिन्यात बर्लिनच्या दुकानदाराने ग्रीसचे घुबडाचे नाणे किती किमतीला घेतले? पुऱ्या एक युरोला. सायप्रसचे नाणे पॅरिसमध्ये २०१३ च्या त्या आठवड्यातही सायप्रसचे म्हणून कमी धरले गेले नाही. १८७० साली पोपच्या नाण्याचे जे झाले ते येथे झाले नाही, कारण दुकानदाराची मर्जी काहीही असो, कायदा त्याच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. परंतु त्याच वेळी अथेन्सच्या बँकेत पडलेला युरो आणि बर्लिनच्या बँकेत पडलेला युरो हे सारखे राहिले नव्हते. एक हवा तेव्हा काढता येत होता, दुसरा येत नव्हता. नाण्याला बट्टा लागला नाही, खात्याला लागला. आम्हांला युरोपच्या ऐक्याविषयी जे काही समजले आहे ते या एका फरकात आहे. ज्या ठिकाणी बंधन स्पष्ट शब्दांत लिहिले होते आणि सर्वांवर सारखे होते, तेथे लहानाची किंमत पुरी राहिली. जेथे ते अर्धवट होते, ठेवींची हमी ज्या त्या देशाने आपली आपण पाहायची होती, तेथे लहान देश एकटा पडला, आणि त्या देशातही ज्याचा सगळा संसार एका निवृत्तिवेतनावर चालतो तो सर्वांत एकटा पडला.

यातून आम्ही काय घ्यावे? चळवळीत वावरताना आम्हांला कित्येकदा असे सांगण्यात आले आहे की मोठ्यांनी मन मोठे केले म्हणजे लहानांचे भागते. नाण्यांचा हा शे-दीडशे वर्षांचा इतिहास तसे सांगत नाही. १८६५ च्या संघात सद्भाव काही कमी नव्हता. माणशी सहा फ्रँकांचा न्यायही होता. कमी होते ते दुकानापर्यंत पोहोचणारे बंधन. २००२ च्या युरोत लक्झेंबर्गचे नाणे चारशेत एक असेल, व्हॅटिकनचे लाखांत एखादे असेल. पण जे एक आहे ते पुरे एक आहे. विरळ असणे आणि हलके असणे यांत हा भेद आहे. लहान गाव, लहान जात, लहान कारखाना, लहान भाषा, यांनी आपण थोडे आहोत म्हणून लाजू नये. आपले नाणे पुऱ्या किमतीला घेतले जाईल असे कलम करारात आहे की नाही, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. आणि ते कलम नुसत्या नाण्यापुरते आहे की खात्यापर्यंत, म्हणजे अडचणीच्या दिवसापर्यंत पोहोचते, हेही विचारावे.

मोड परत घेताना कोणी नाण्याची मागची बाजू उलटून पाहत नाही, इतका विश्वास निर्माण व्हायला युरोपला दोन महायुद्धे, एक मोडलेला संघ आणि शेकडो कलमे लागली. आपल्याकडे सराफाचा बट्टा गेला त्यालाही पुष्कळ दिवस झाले. पण तो शब्द भाषेत अजून जिवंत आहे. माणसामाणसांत त्याचा वापर जेथे जेथे चालू असेल तेथे तो बंद पाडणे हे काम अजून शिल्लक आहे.